हॉटेलातील पंगत आणि घरचा उंबरठा

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण तुम्ही ऐकलेली आहे. बियाणांचे, मोसंबीचे आणि लोखंडी सळयांचे हे गाव १ मे १९८१ रोजी जिल्ह्याचे ठिकाण झाले. या पाळण्यात आपल्या मुलांनाही अलीकडे थोडी जागा मिळाली आहे. कोणी बँकेत अधिकारी झाला, कोणी महाविद्यालयात अध्यापक, कोणी कारखान्यात अभियंता, तर कोणी माझ्यासारखा न्यायालयाच्या पायऱ्या झिजविणारा वकील. या सुस्थितीबरोबर एक नवा प्रघातही आला आहे. आपल्या व इतर जातींच्या मित्रांची एक मंडळी जमते, महिन्यातून एकदा मोटार काढते, बदनापूर मागे टाकून मोठ्या शहरातील एखाद्या भारी हॉटेलात जाते, एका मेजाभोवती बसून सामिष भोजन करते आणि मध्यरात्री परतते. परतताना प्रत्येकाच्या मनात एक समाधान असते : “जात आता उरली आहे कोठे? आम्ही तर एका मेजावर जेवतो!”

या समाधानाविरुद्ध मी आज उभा आहे. त्या जेवणाविरुद्ध माझी तक्रार नाही. मित्रांनी एकत्र बसावे, पोटभर जेवावे, हसावे, यात गैर ते काय? परंतु एका मेजावर जेवलो म्हणून समता प्रस्थापित झाली, हा दावा मला मान्य नाही. आणि नुकतीच धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी तर तो मुळीच मान्य करू नये. अशा एका मंडळीत मी स्वतः नऊ वर्षे होतो. म्हणून या खटल्यात मी साक्षीदार आहे आणि आरोपीही आहे.

एकच मांस, दोन नावे

आमची मंडळी आठ जणांची. त्यांत आम्ही दोघे आपल्या समाजाचे. उरलेले सहा इतर जातींचे. त्या सहांपैकी तिघांच्या घरी अंडेही शिजत नाही. अनेक वर्षे मटण-भाकरीवर आमचे समाधान होते. पुढे एका मित्राने नव्या हॉटेलाचे नाव काढले. तेथे ‘स्टेक’ मिळतो, असे त्याने मोठ्या अभिमानाने सांगितले. स्टेक म्हणजे मोठ्या जनावराच्या मांसाचा जाड तुकडा. निखाऱ्यावर किंवा तव्यावर भाजलेला आणि आतून गुलाबी ठेवलेला. महाराष्ट्रात २०१५ नंतर तो बहुधा म्हशीचा वा रेड्याचा असतो. त्याचे कारण पुढे सांगतो. पांढऱ्या शुभ्र थाळीत तो तुकडा आला. त्याची किंमत आमच्या वस्तीतील मजुराच्या दिवसभराच्या मजुरीहून अधिक होती.

शेजारच्या मित्राने सुरीने एक घास कापला, डोळे मिटून तो चाखला आणि हसत हसत विचारले, “तुमच्या वाड्यात पूर्वी असलेच काही खात असत म्हणे?” आमच्यापैकी जो अध्यापक, त्याने हातातला काटा खाली ठेवला आणि म्हणाला, “आमच्या घरी नाही. आमच्या घरी कधीच नाही.”

हे असत्य होते, आणि ते मला ठाऊक होते. माझ्या आजीप्रमाणे त्याच्या आजीनेही मांसाच्या चान्या दोरीवर उन्हात वाळविल्या होत्या. पावसाळ्यात कामधंदा नसे तेव्हा त्याच चान्या निखाऱ्यावर भाजून भाकरीबरोबर मुलांच्या पोटात गेल्या होत्या. त्याच चान्यांवर वाढलेला एक सुशिक्षित बौद्ध गृहस्थ भर मेजावर आपल्या आजीला नाकारीत होता, आणि दुसरा, म्हणजे मी, मान खाली घालून लिंबू पिळीत होतो.

वाचकहो, येथे थोडे थांबा आणि विचार करा. मोठ्या जनावराचे मांस पांढऱ्या थाळीत इंग्रजी नावाने आले की ती सभ्यता. तेच वस्तीतील दोरीवर वाळत असले की ती अमंगळ गोष्ट! मग भेद मांसात होता काय? नाही. भेद खाणाऱ्यात होता. जो पदार्थ खाल्ल्याने मित्राची प्रतिष्ठा वाढते, तोच खाल्ल्याचे कबूल केल्याने आमची जाते, अशी ज्या मेजाची रीत, त्या मेजावर समता बसली आहे असे कोणत्या तोंडाने म्हणावे? आपल्या स्वयंपाकघराची लाज वाटण्याचे कारण नाही, हे सांगण्याचे काम मराठवाड्याच्याच एका लेखकाने केले आहे. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ साली प्रसिद्ध झाले. आपल्या आया-आज्यांनी काय शिजविले, कसे शिजविले आणि का शिजविले, याची नोंद त्यात आहे. ते घराघरात असावे.

यावर कोणी विचारील की, बाबासाहेबांनीच मेलेल्या जनावराचे मांस सोडण्यास सांगितले नव्हते काय? होय, सांगितले होते. महाडला १९ व २० मार्च १९२७ रोजी भरलेल्या परिषदेत त्यांनी हा उपदेश केला. परंतु त्याचे मर्म नीट समजून घ्या. मेलेले ढोर ओढणे हे आपल्यावर लादलेले काम होते आणि त्याचे मांस हा त्या दास्याचा मोबदला होता. बाबासाहेबांनी तो मोबदला नाकारावयास सांगितला. इतरांच्या ताटातील अन्न पवित्र आणि आपल्या ताटातील अपवित्र, असे त्यांनी कधी सांगितले नाही. उलट १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यतेच्या उगमाविषयीच्या ग्रंथात गोमांसभक्षणाचा आणि अस्पृश्यतेचा संबंध त्यांनी स्वतः उलगडून दाखविला. आणि जे समाज एके काळी यज्ञात गाय मारून खात होते, त्यांनीच पुढे ते खाणाऱ्यास वाळीत टाकले, असे प्रतिपादन केले. दास्य म्हणून जे सोडले, ते स्वाभिमानाने सोडले. लाजेने काही सोडणे ही वेगळी गोष्ट आहे. तिला स्वाभिमानाचे नाव देऊ नका.

आता कायद्याचे पाहू. १९७६ च्या महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियमाने गाईच्या कत्तलीस बंदी होतीच. १९९५ च्या सुधारणेने ती बंदी बैल व वळू यांनाही लागू केली, आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर ती २०१५ साली अमलात आली. कत्तलीस पाच वर्षांपर्यंत कारावास ठेवला आहे. म्हैस व रेडा मात्र या बंदीबाहेर राहिले. दाखला घेऊन त्यांची कत्तल होऊ शकते. म्हणूनच स्टेकच्या थाळीत बहुधा तेच मांस असते. परराज्यात कायदेशीररीत्या मारलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हाही या सुधारणेने गुन्हा ठरविला होता. ते कलम मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ च्या निर्णयाने रद्द केले. माणसाने आपल्या घरात काय खावे हा त्याच्या खासगी जीवनाचा भाग आहे, असे न्यायालयाने मानले. कत्तलीवरील बंदी मात्र कायम ठेवली. पुढे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. हे तपशील मी यासाठी सांगतो की, कायद्याची भीती आणि समाजाची लाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जे कायद्याने वर्ज्य ते वर्ज्यच समजा. मी वकील आहे, तुम्हाला कायदा मोडावयास सांगणार नाही. परंतु जे कायद्याने वर्ज्य नाही, ते शेजाऱ्याच्या नाक मुरडण्याने वर्ज्य होत नाही.

लपून जेवणाऱ्यांची परंपरा

आमच्या मंडळीतील त्या तिघांची प्रत्येक वेळी एक विनंती असे : “घरी कळू देऊ नका.” छायाचित्र काढावयाचे झाले तर आधी थाळ्या बाजूला सारल्या जात. आम्ही याला थट्टा समजत होतो. पण लपून एकत्र जेवण्याची ही रीत या महाराष्ट्रात जुनी आहे, आणि तिचा शेवट काय होतो हेही इतिहासाने दाखविले आहे.

१८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग यांच्या पुढाकाराने परमहंस सभा स्थापन झाली. सभासद सुशिक्षित व सुधारणावादी होते. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव ते खात, मुसलमानाने आणलेले पाणी पीत, जातिभेद मोडण्याची शपथ घेत. पण हे सारे बंद दाराआड. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी चोरीस गेली, नावे फुटण्याची वेळ आली, आणि सभाच मोडली. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये नामांकित मंडळी चहास जमली. नावे वर्तमानपत्रात छापली गेली, ग्रामण्य उभे राहिले, आणि महादेव गोविंद रानडे यांच्यासारख्या थोर पुरुषानेही १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. एका चहाच्या पेल्यासाठी प्रायश्चित्त! ती माणसे लहान नव्हती. विद्वत्तेत व देशसेवेत ती मोठीच होती. परंतु जी सुधारणा घरी सांगता येत नाही, ती घरच्या पहिल्या धमकीला शरण जाते.

याच्या शेजारी महाड ठेवून पाहा. २० मार्च १९२७ रोजी हजारो स्त्री-पुरुष भर दिवसा, साऱ्या गावासमोर चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी पाणी प्राशन केले. ते मंडपात परतून जेवावयास बसतात तोच त्यांच्यावर हल्ला झाला. शिजविलेले अन्न मातीत मिसळले गेले. त्यांचे अन्न नासले, डोकी फुटली. पण त्यांना प्रायश्चित्त कोणी देऊ शकले नाही, कारण त्यांनी काही लपविलेच नव्हते. आपण कोणाचे वारस आहोत, हे आपणच ठरवावयाचे आहे.

कायदा कोठपर्यंत येतो?

ज्या मेजावर आपली मुले आज निर्धास्तपणे बसतात, ते मेज मित्रांनी दिलेले नाही. आपले आजोबा हॉटेलाच्या बाहेर, पायरीखाली उभे राहून चहा पीत. त्यांची कपबशी वेगळी असे, आणि ती त्यांनाच विसळून पुन्हा बाहेरच्या कोनाड्यात ठेवावी लागे. घटना समितीने २९ नोव्हेंबर १९४८ रोजी अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मंजूर केले. आज ते घटनेचे १७ वे कलम आहे. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांत जातीच्या कारणावरून कोणासही मज्जाव करता येणार नाही, असे १५ व्या कलमाने सांगितले. १९५५ साली अस्पृश्यता (अपराध) अधिनियम आला. १९७६ च्या सुधारणेने तो कडक झाला आणि ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ या नावाने तो आज अमलात आहे. त्याचे ४ थे कलम प्रत्येक घरातील वडीलधाऱ्याने वाचून ठेवावे. हॉटेलात प्रवेश नाकारणे हा तर गुन्हा आहेच, परंतु तेथे सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कारावास आणि दंड. १९७६ पासून हा गुन्हा आपसात मिटविता येत नाही.

आणखी एक गोष्ट नव्या बौद्ध कुटुंबांनी विशेष ध्यानात ठेवावी. त्याच कायद्याच्या १२ व्या कलमानुसार, अपराध अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडला असेल, तर तो अस्पृश्यतेच्या कारणानेच घडला असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करावयाचे असते. १९५६ ते १९९० या काळात आपल्या आधीच्या पिढीतील बौद्धांना हे गृहीतक मिळत नव्हते, कारण धर्मांतराने ते कायद्याच्या दृष्टीने अनुसूचित जातीचे राहिले नव्हते. १९९० च्या दुरुस्तीने ही उणीव भरून निघाली. तेव्हा कोणी हॉटेलवाला तुम्हाला वेगळा पेला देईल, तर त्याच्याशी हुज्जत घालीत बसू नका. वेळ टिपा, दोन साक्षीदार धरा आणि सरळ पोलीस ठाण्यात जाऊन फिर्याद नोंदवा.

परंतु कायद्याची गाडी येथे थांबते. कायद्याने आपल्याला हॉटेलाच्या मेजापर्यंत आणले. मित्राच्या घराच्या उंबरठ्यापलीकडे तो नेऊ शकत नाही आणि नेऊही नये. उंबरठ्यापलीकडचे काम मैत्रीचे आहे. ज्याचे बिल भरले त्याला मेज मिळते. यात मित्राने काय दिले? मैत्रीची परीक्षा, बिल नसते तेथे होते.

उंबरठ्यापलीकडे

नऊ वर्षांत मी त्या सहा घरांपैकी एकाही घरी जेवलो नाही. हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. एका मित्राचे वडील वारले, तेव्हा आम्ही सातही जण भेटीस गेलो. ओसरीवर बसलो. आतून पाणी आले. पाच जणांना स्टीलच्या पेल्यातून, आणि आम्हा दोघांना कागदी पेल्यातून. कोणी काही बोलले नाही. दुःखाचा प्रसंग, आम्हीही काही बोललो नाही. परंतु पाणी पिऊन झाल्यावर तो पेला हातात चुरगाळताना मला आजोबांची कोनाड्यातील कपबशी आठवली. फरक इतकाच की, आजोबांना ती विसळावी लागे. मला ती फेकावयाची होती.

हा एकट्या माझा अनुभव म्हणून सोडून देऊ नका. भारतीय मानव विकास सर्वेक्षणात २०११-१२ साली देशातील ४२ हजारांहून अधिक कुटुंबांना विचारले गेले की, तुमच्या घरात कोणी अस्पृश्यता पाळते काय? नाही म्हणणाऱ्यांना पुन्हा विचारले की, अनुसूचित जातीचा माणूस तुमच्या स्वयंपाकघरात आला किंवा त्याने तुमची भांडी वापरली तर चालेल काय? सुमारे २७ टक्के कुटुंबांनी अस्पृश्यता पाळत असल्याचे या ना त्या रीतीने कबूल केले. हे झाले कबूल करणारे. त्याच सर्वेक्षणात आंतरजातीय विवाहांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास निघाले. रोटीव्यवहार हॉटेलापर्यंत आला, स्वयंपाकघरापाशी अडला, आणि बेटीव्यवहार तर अजून वेशीबाहेरच उभा आहे. १९३६ साली ‘जातिसंहार’ मांडताना बाबासाहेबांनी हेच बजावले होते की, सहभोजनाने जातीची भावना मरत नाही. तिचे मूळ खोल आहे.

काही म्हणतील, “घरी कोणाला बोलवावे ही ज्याची त्याची खासगी बाब आहे.” मान्य. पण मग त्या नात्याला मैत्री म्हणू नका. सोबत म्हणा, ओळख म्हणा. जो शनिवारी तुमच्या शेजारी बसून मांस खातो आणि सोमवारी आपल्या इमारतीत केवळ शाकाहारी भाडेकरू ठेवण्याच्या ठरावावर सही करतो, तो त्या ठरावाने कोणाला बाहेर ठेवीत आहे हे तुम्हाला कळत नाही काय?

दुसरे म्हणतील, “आपण बौद्ध, आपण मांसच खाऊ नये.” ज्याला करुणेने मांस सोडावेसे वाटते, त्याने अवश्य सोडावे, त्यास माझा प्रणाम. परंतु ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी गरजेपोटी मारणे आणि मारण्याच्या हौसेने मारणे यांत भेद केला आहे, तो वाचा. शीलाचे नाव पुढे करून शेजाऱ्याची लाज पाळू नका. आणि शील पाळावयाचेच असेल, तर त्या मेजावरील दारूच्या पेल्यापासून आरंभ करा. दीक्षाभूमीवरील बावीस प्रतिज्ञांत ती स्पष्ट शब्दांत आहे.

तिसरा प्रश्न आपण स्वतःला विचारावयाचा आहे. आपल्याच वस्तीत, पूर्वाश्रमीच्या दुसऱ्या जातीतून परवा दीक्षा घेऊन आलेल्या कुटुंबाला आपण घरी जेवावयास बोलाविले आहे काय? त्यांच्या घरची भाकर आपण खाल्ली आहे काय? की आपणही त्यांना विहारातील भोजनदानाच्या पंगतीतच भेटतो? विहाराची पंगत ही आपल्यापुरती हॉटेलाची पंगतच ठरेल, जर ती उंबरठ्याबाहेर संपत असेल. आणि आपल्या घरातील स्त्रिया? महिन्याच्या त्या शनिवारी तुम्ही मोटारीतून जाता तेव्हा त्या कोठे असतात? त्यांना मेजावर कधी नेलेत?

त्या कागदी पेल्यानंतर मी एक काम केले. पुढच्या शनिवारी हॉटेलाऐवजी माझ्या घरी यावे, असे मी सर्वांना कळविले. आमच्या घरी जे शिजते तेच शिजेल, हेही कळविले. त्या दिवशी माझी वृद्ध आई सकाळपासून स्टीलचे पेले राखेने घासत होती. मध्येच तिने मला विचारले, “आपल्या पेल्यातलं पाणी पितील का रे ते?” माझ्यापाशी उत्तर नव्हते.

सहांपैकी तिघे आले. एकाला ताप आला, एकाला परगावी जावे लागले, एकाने काही कळविलेच नाही. जे आले ते पाटावर बसले, पेल्यातले पाणी प्याले, आणि त्यांतील एकाने, ज्याच्या घरी अंडेही शिजत नाही त्यानेच, आईकडे दुसरी भाकर मागितली. तो अध्यापकही आला होता. जेवता जेवता त्याने सर्वांसमक्ष आपल्या आजीच्या चान्यांची गोष्ट सांगितली. पुढच्या महिन्यात ज्याने भाकर मागितली त्याच्या घरी आम्ही गेलो. तेथे वांग्याची भाजी होती, वरण होते, आणि पेले सर्वांना सारखे होते. त्याची आई प्रथम आतच बसली. निघताना बाहेर आली आणि पुन्हा या म्हणाली. आठांची मंडळी आता पाचांची झाली आहे. मला तिचे वाईट वाटत नाही.

तेव्हा, बंधू-भगिनींनो, हॉटेलात अवश्य जा. तो तुमचा हक्क आहे आणि त्यासाठी आपल्या वडिलांनी किंमत मोजली आहे. परंतु तेथून परतताना समतेचे प्रशस्तिपत्र खिशात घालून येऊ नका. पुढच्या महिन्यात मित्राला घरी बोलवा, जे तुमच्या चुलीवर शिजते तेच वाढा, आणि तो तुम्हाला केव्हा बोलावतो याची वाट पाहा. जो येईल आणि बोलावील, तो मित्र. जो येणार नाही, त्याच्याबरोबर बिल वाटून घ्यावयास हरकत नाही. फक्त त्याला मित्र म्हणू नका, आणि त्याच्या मेजावर बसून आपल्या आजीला नाकारू नका.

जय भीम!